अर्धं पान

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार

आज घट बसले. रमाने देवघरात परडीत माती घालून धान्य पेरलं. मी मात्र कारखान्यात जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून आलो.

मिलचे मालक मुकुल साहेब सकाळीच काट्यावर आले. जुन्या विंडोजला पुढच्या महिन्यापासून नवीन काही मिळणार नाही, नवं विंडोज आपल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर चढत नाही, तेव्हा हा डबा हलवायचा, असं म्हणाले. वजनाचं काम ऑफिसातून दुसरा माणूस बघेल आणि मी यार्डात रजिस्टर घेऊन उभं राहायचं. तीस वर्षं या रोलिंग मिलचा वजनकाटा मी सांभाळतोय. भंगाराचा ट्रक आत येतो तो माझ्यासमोरून, सळईचा बाहेर जातो तोही माझ्यासमोरून. मार्चमध्ये निवृत्त होतोय. शेवटचे सहा महिने मला उन्हात उभं करणार.

तोंडातून निघून गेलं, "साहेब, डबा हलवू नका. मी यावर लिनक्स बसवतो. फुकट असतं. काट्याचा प्रोग्राम त्यावरही चालतो."

"तुम्हाला येतं, काका?"

"येतं की."

मला काय येतं डोंबल! गणपतीला लेक गंधाली पुण्याहून आली होती, तेव्हा तिने घरच्या लॅपटॉपवर ते बसवताना मी शेजारी बसून शेंगा खात होतो, एवढीच माझी विद्या. साहेब म्हणाले, "दसऱ्यापर्यंत करा. न्हाई झालं तर मंग मी म्हणतो तसं." मी मान डोलावली. आता मान मोकळी राहिलेली नाही.

नऊ दिवसांचे उपास धरलेत. दरवर्षी धरतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

गंधालीने फोनवर एकेक पायरी सांगितली आणि मी ती डायरीच्या मागच्या पानांवर उतरवून घेतली. एकूण सतरा पायऱ्या झाल्या. घरचा पेनड्राइव्ह तिने आधीच तयार करून ठेवला होता. जुनी सगळी वजनं दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी तिने शपथ घातली, म्हणून तीन तास तेच करत बसलो.

मग सुरू केलं. पहिल्यांदा भाषा विचारली. मी ऐटीत मराठी निवडली. पुढे विचारलं की डिस्क पुसून टाकू का, आणि माझं बोट तिथेच अडलं. तीस वर्षं एक किलो इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि हे यंत्र विचारतंय की सगळंच पुसू का. इलेक्ट्रिशियन सर्जेराव मागे उभा होता. तो जाफराबादेकडचा, माझ्याच वयाचा, इथे माझ्यापेक्षा वर्षभराने नवा.

"दाबा, भाऊ. विचारून राह्यलाय ना बिचारा, न विचारता तर पुसून न्हाई राह्यला."

दाबलं. वीस मिनिटांत सगळं बसलं, आणि मी उगीचच चार लोकांना बोलावून दाखवलं.

मग पासवर्ड टाकायची वेळ आली. काळ्या चौकटीत पासवर्ड मागितला. मी टाइप करतोय, पण पडद्यावर काहीच उमटेना. ना अक्षर, ना ठिपका. कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून शेवेचे तुकडे पडले. तरी काही नाही. शेवटी गंधालीला फोन लावला.

"बाबा, तिथे अक्षरं दिसत नाहीत. पण जातात. तुम्ही न घाबरता टाइप करा आणि एंटर मारा."

"दिसत नाही ते जातंय, हे मी कसं समजू?"

"दिसत नाही म्हणजे नाहीये, असं नसतं, बाबा."

हे तिने मला शिकवावं! पण खरं निघालं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बसवणं म्हणजे काम संपणं नव्हे, हे आज समजलं. नव्याने बसवलेल्या सिस्टीमला पहिल्यांदा अपडेट करावं लागतं. पेनड्राइव्हवरचा माल जुना असतो, मधल्या काळात त्यात हजार दुरुस्त्या झालेल्या असतात. त्या सगळ्या आणून बसवल्याशिवाय काट्याचा प्रोग्राम घ्यायचा नाही, असं पायरी क्रमांक नऊ सांगते.

आज्ञा दिली. उत्तर आलं की कुलूप लागलंय, दुसरं कोणीतरी काम करतंय. मी खोलीत एकटा. गंधाली म्हणाली, सिस्टीम स्वतःच आतल्या आत काहीतरी तपासत असेल, थांबा. थांबलो. तासाने पुन्हा विचारलं, पुन्हा कुलूप. तेवढ्यात फाटकावर ट्रकांची रांग लागली. सध्या वजनाच्या पावत्या हाताने लिहितोय. ड्रायव्हर लोक माझ्याकडे बघून हसतात.

२८ सप्टेंबर, रविवार

रमाने आज विचारलं, "गोळी घेतली का बीपीची?"

"घेतली."

नाही घेतली. ती गोळी नाश्त्यानंतरची आहे. उपासात नाश्ता नाही, मग गोळी कशाच्या नंतर घ्यायची? घटस्थापनेपासून बंदच आहे. दरवर्षी नऊ दिवस बंद ठेवतो आणि दरवर्षी जिवंत असतो. हे तिला सांगत बसलो तर फराळाच्या ताटावर भाषण होईल. डायरीशी खोटं बोलायचं नाही म्हणून इथे लिहिलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

चारशे बारा. एवढी पॅकेजं अपडेट व्हायची आहेत, असं आज पडद्याने सांगितलं. मोबाइलच्या इंटरनेटवर ती उतरायला चार-पाच तास लागतील. उद्या खंडेनवमी, दुपारनंतर मिल बंद, ट्रक नाहीत. उद्या सकाळी लावून देतो. दुपारपर्यंत होईल, आणि परवा दसऱ्याला साहेबांच्या हातात चालू काटा देईन.

१ ऑक्टोबर, बुधवार

कोणाला दोष देऊ? दोष द्यायला माझ्याशिवाय कोणी नाहीच.

सकाळी सातला अपडेट लावलं. साडेअकरापर्यंत सगळं उतरलं आणि बसायला लागलं. एकसष्ट टक्के झाले होते. त्या क्षणी बंद करायचं नाही, हे गंधालीने दोनदा सांगितलं होतं आणि मी त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांना विसावा देतात. सगळ्यात जुन्या माणसाने शब्द द्यायचा, मग सर्जेराव मेन स्विच ओढतो, सगळी मिल एकदम गप्प होते आणि त्या शांततेत पूजा होते. सगळ्यात जुना माणूस मी. झेंडूचे हार चढले, मशीनला कुंकू लागलं, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात वर केला आणि म्हणालो, "ओढ."

मी स्वतः म्हणालो.

काट्याच्या खोलीची लाइन त्याच स्विचवर आहे. यूपीएसची बॅटरी मरून दोन वर्षं झाली. हे स्विच पडल्यावर आठवलं, पण पूजा सोडून पळता येईना. नारळ फोडायचा मानही माझाच. तो डाव्या हातात धरला होता, तो हातातून गळून पडला. क्षणभर डोकं गरगरलं. उपास आणि ऊन. दुसरा नारळ दिला, तो उजव्या हाताने फोडला.

लाइट आल्यावर धावलो. पडदा काळा, त्यावर पांढऱ्या ओळी. गंधालीने फोनवर दुरुस्तीची आज्ञा सांगितली, अक्षर न् अक्षर. लिहायला गेलो तर कीबोर्डवर 'ए' सापडेना. 'एस' सापडेना. झटकला तेव्हा निघालं की काय काहीतरी? सर्जेराव पूजेचा अंगारा घेऊन आला होता.

"हे काय, भाऊ, हितंच तर हाये. बोटाखाली." त्याने माझं बोट धरून ठेवलं.

चार तास लागले, पण दुरुस्ती पूर्ण झाल्याचं पडद्याने सांगितलं. संध्याकाळी घरी येताना गाडीचा डावा आरसा फाटकाला लागून तुटला. फाटक अरुंद आहे, मी कधीचा सांगतोय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सिस्टीम चालू होते, पण बिघडली आहे. अपडेट अर्ध्यात तुटल्याचा परिणाम. प्रत्येक ओळीचं तोंडच ती खाऊन टाकते. जिथे 'अद्ययावत' हवं तिथे नुसतं 'यावत'. चिन्हंसुद्धा उजव्या अर्ध्यातच, डावी बाजू साफ. गंधालीला सांगितलं, तर म्हणाली की असा बिघाड मी कधी ऐकला नाही. मला वाटलंच होतं, माझ्याच वाट्याला नवलाचा बिघाड येणार.

साहेबांना सोनं द्यायला गेलो. त्यांनी विचारलं. दोन दिवस द्या म्हणालो. त्यांनी दिले, पण आपट्याचं पान माझ्या हातात ठेवताना डोळ्यांत बघितलं नाही.

जेवायला बसलो तर ताटात पुरणपोळी आणि कटाची आमटी. भजी नाहीत, चटणी नाही. दसऱ्याला भजी नाहीत म्हणून जरा चढ्या आवाजात बोललो. रमाने ताट अर्धं फिरवलं, तर भजी दिसली. मागून वाढली असतील. तिचा चेहरा कसातरी झाला होता.

या डायरीची पानं यंदा अरुंद छापलीत. एका दिवसाला एक पान पुरायचं, आज दोन लागली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळं पुसून पहिल्यापासून बसवलं. सतरा पायऱ्या. अपडेटही नव्याने केलं, सर्जेरावने स्विचबोर्डला कुलूप लावून किल्ली माझ्या खिशात घातली. कुठे एक चूक नाही, कुठे अडथळा नाही. शंभर टक्के.

आणि पडद्याची डावी बाजू तशीच कोरी.

मी खुर्चीत बसून राहिलो. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस एका डब्यापुढे रडला. आधी चूक माझी होती, आता माझी चूकही नाही, तरी जमत नाही. कोणाला विचारू? काय विचारू?

रमा चिडचिडायला लागली आहे. चहा दिलाय म्हणते, आणि चहा नसतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

बिघाड आता काट्यात शिरला. कॉम्प्युटरची वायर काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या पेटीला जोडली आहे, तिच्यातून गेला असणार. सळईचा भरलेला ट्रक काट्यावर उभा, आणि पेटीवर चार हजार पाचशे साठ. रिकामा ट्रकच नऊ टनांचा असतो! मी पावती लिहायचं नाकारलं.

सर्जेराव पेटीकडे बघत होता. "भाऊ, चोवीस हजार पाचशे साठ दाखवून राह्यलंय की."

"कुठे चोवीस?"

"हे काय. दोन हाये ना पुढं."

"तुला तिरकं दिसतंय."

ड्रायव्हरनेही चोवीसच वाचलं. तिघांत मी एकटा. साहेब आले, पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काका, आज घरी जा तुम्ही. सर्जेराव, गाडीवर सोडून ये त्यांना." आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर बरं वाटलं असतं. तीस वर्षांत माझ्या वजनावर कोणी शंका घेतली नव्हती.

निघण्याआधी पडद्याचा फोटो काढून गंधालीला पाठवला. म्हणजे बघ, किती कापतंय ते. घरी पोचलो तेवढ्यात तिचा फोन आला.

"बाबा, फोटोत सगळं दिसतंय. ओळी पूर्ण आहेत."

"मग कॅमेरा दुरुस्त करून घेतोय."

त्यावर ती म्हणाली, "आईला फोन द्या." आतल्या खोलीत काय बोलल्या माहीत नाही. उद्या येतेय. एवढ्याशा कामासाठी पुण्याहून, म्हटलं, पण मनातून हायसं वाटलं. ती आली की सिस्टीम सुधारेल.

५ ऑक्टोबर, रविवार

गंधाली आली, पण कॉम्प्युटरचं नावच काढेना. मी म्हणालो, चल एमआयडीसीत, किल्ली आहे माझ्याकडे. तर माझ्यासमोर कोरा कागद ठेवून म्हणाली, "बाबा, आधी एक घड्याळ काढा. गोल आणि आकडे."

लहानपणी मी तिला असंच घड्याळ शिकवलं होतं. गंमत म्हणून काढलं. बारा, एक, दोन... सहापर्यंत छान झालं. मग सात, आठ, नऊ, दहा, अकरासुद्धा तिकडेच, सहाच्या वर, थोडे दाटीने बसवले. म्हटलं, झालं.

रमा पदर तोंडाला लावून आत गेली. गंधालीने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, "बाबा, कपडे बदला. डॉक्टरकडे जायचंय."

"कोणाला काय झालंय?"

गंधालीने शर्ट आणून माझ्या हातात दिला. बाहेर रिक्षा उभी आहे म्हणून इथेच थांबतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

दवाखान्यातून काल घरी आलो.

काय लिहू. कॉम्प्युटर बरोबर होता. एक तारखेलाच बरोबर झाला होता. काटाही बरोबर होता. बिघाड माझ्या डोक्यात होता, आणि हे शब्दशः.

डॉक्टरांनी काळा-पांढरा फोटो दाखवला. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची एक गुठळी, छोटीशी. डोळे चांगले आहेत, ते डावीकडचं बघतात, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. आणि सगळ्यात वाईट हे, की दखल घेतली नाही हेही त्याला कळत नाही. म्हणून मला जग अर्धंच दिसतं आणि तेच पूर्ण वाटतं.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या बंद होत्या का? रमा म्हणाली, "न्हाई, रोज विचारून राह्यले ना मी." मी खाली बघितलं. मग सांगितलं, नऊ दिवस. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यांनी आणखी विचारलं, हातातून काही पडलं होतं का, चक्कर? नारळाचं सांगितलं. ते म्हणाले, त्यानंतर साडेचार तासांत आला असतात तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं.

त्या साडेचार तासांत मी काय करत होतो, हे या डायरीत माझ्याच अक्षरात आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो. बोटाखालचा 'ए' शोधत होतो, आणि सर्जेराव माझं बोट धरून ठेवत होता. हे मनातून जात नाही. गंधाली म्हणते, विचार करू नका. करायचा नाही म्हणजे कसा?

साहेब भेटायला आले होते. काट्यावर आता सर्जेराव बसतो. "तुम्ही बसवलेलं एकदम बराबर चालून राह्यलंय, काका," म्हणाले. मी मान हलवली. यार्डातसुद्धा मला आता उभं करता येणार नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली आहे. कागदाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारायची. ती रेघ सापडेपर्यंत मान वळवायची, सापडल्याशिवाय वाचायला सुरुवात करायची नाही. रमाने देवघरातलं कुंकू भिजवून काडीने या डायरीच्या सगळ्या पानांवर रेघा मारल्या. तीन दिवस रोज अर्धा तास बसतो. मान वळवतो, वळवतो, आणि वाटतं की आता पान संपलं, तरी रेघ येत नाही. मग आणखी वळवायची. कधी कधी येते. आली की घाम येतो.

आज सराव म्हणून मागची पानं उघडली. दोन ऑक्टोबरचं पान. माझं अक्षर उजव्या अर्ध्यात, खाली उतरत गेलेलं. मान वळवली. वळवत गेलो. रेघ सापडली.

रेघेच्या शेजारी अक्षर होतं. माझं नाही. रमाचं.

'ताट फिरवल्यावर भजी दिसली यांना. काय झालंय कळेना. कोणाला सांगू.'

तीन तारखेच्या पानावर: 'चहा मुद्दाम डाव्या हाताला ठेवला. पाच मिनिटं समोर होता. दिला नाहीस म्हणाले. मी दुसरा केला.'

चार तारखेच्या: 'डायरी टेबलावर उघडी असते. यांचं लिहिलेलं मी वाचत नाही. पण अर्धं पान कोरं सोडतात, तिथे लिहिलं तर यांना दिसत नाही, हे कळलंय. म्हणून लिहिते. मला फार भीती वाटते. यांच्यासमोर दाखवता येत नाही.'

पाच तारखेच्या पानावर नुसतं घड्याळ काढलं होतं. पूर्ण.

मी हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, उघडं पान बघितलं आणि तिथेच उभी राहिली.

मी म्हणालो, "लिहीत जा ना. डावं अर्धं पान तुझं, उजवं माझं."

"आता कसं लिहू," ती म्हणाली. "आता तुम्हाला दिसून राह्यलंय."